चार कपाटं आणि एक पिशवी किल्ल्या

रविवारी दवाखाना बंद असतो, तरी ताईच्या खांद्याला दवाखान्याचीच पिशवी होती. दात तपासायचे छोटे आरसे, बारीक चिमटे आणि डोक्याला बांधायचा दिवा तिनं टॉवेलात गुंडाळून घेतला होता. कारखान्याचं शटर अर्धंच वर होतं. ती वाकून आत शिरली तेव्हा दादा चार कपाटांच्या मधोमध स्टुलावर बसला होता आणि त्याच्या हातात काहीच काम नव्हतं. त्याचे रिकामे हात ताईनं फार कमी वेळा पाहिले होते.

चारही फोनोग्राफची कपाटं. गिऱ्हाइकं ग्रामोफोन म्हणत, पण त्यांचे वडील, अण्णा, शेवटपर्यंत फोनोग्राफच म्हणायचे, म्हणून घरात तोच शब्द राहिला. वरच्या झाकणाखाली यंत्र, खाली दारांमागं तबकड्यांचे कप्पे, आणि झाकणाला दारांशी जोडणारं एकच कुलूप. रेडिओवर बातम्या सांगणाऱ्या निवेदिकाबाईंनी ती अण्णांकडून एकेक करत जमवली होती. आता बाईंनी ती वाचनालयाला देऊन टाकली होती. पण घर बदलताना किल्ल्यांचा जुडगा कुठेतरी गेला आणि चारही कपाटं कुलूपबंद राहिली. उद्या वाचनालयाच्या नव्या दालनाचं उद्घाटन होतं. बाई स्वतः यंत्राला चावी देऊन तबकडी लावणार होत्या. टेम्पो आज संध्याकाळी यायचा होता.

"उघडलं एखादं?" ताईनं विचारलं.

"नाही."

"कालचा तो किल्लीवाला?"

"त्यानं ड्रिल बाहेर काढलं. मी त्याला बाहेर काढलं."

वहिनी आतून कप घेऊन आल्या आणि कोपऱ्यातून म्हणाल्या, "काल रात्री जेवलेही नाहीत. वाचनालयाचे व्यवस्थापक फोनवर म्हणाले, तुम्हाला जमत नसेल तर आम्ही आमचा माणूस आणतो. यांनी विचारलं, तो काय करणार. तर म्हणे, कुलपाचा भाग कापून नवं बसवेल, वरून रंग मारला की कळणारही नाही."

"रंग," दादा म्हणाला. एवढंच म्हणाला, पण समोरच्या कपाटावरून त्याचा हात फिरला. त्या लाकडाच्या रेषा अण्णांनी महिनाभर घासून वर आणल्या होत्या, तेव्हा दादा शाळा सोडून नुकताच कारखान्यात बसायला लागला होता.

दादाची मुलगी, चिऊ, मागच्या भिंतीशी फडकं घेऊन पितळी पट्ट्या पुसत होती. तिनं ताईकडे एकदा पाहिलं आणि नजर खाली वळवली.

"किल्ल्या आहेत की," ताई म्हणाली.

किल्ल्या कुठे आहेत ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. विकलेल्या प्रत्येक कपाटाची दुसरी किल्ली अण्णा स्वतःजवळ ठेवत. गिऱ्हाईक हरवणारच, असं त्यांचं ठाम मत होतं. अण्णा गेल्यावर कारखान्याची वाटणी झाली. लाकूडकाम दादाकडे, यंत्रं धाकट्याकडे. किल्ल्या कुणाकडे, हे मात्र ठरवायचं राहून गेलं. मग सामान हलवण्याच्या दिवशी दोघा भावांनी भर रस्त्यात एकच खण दोन बाजूंनी ओढला, खण निसटला, आणि अण्णांनी चिठ्ठ्या बांधून ठेवलेल्या साऱ्या किल्ल्या सायकलींच्या चाकांखाली पसरल्या. समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन दारात उभा राहिला होता. धाकट्यानं मिळाल्या तेवढ्या पिशवीत भरल्या आणि तो गेला. चिठ्ठ्या गटारात गेल्या. त्या दिवसापासून भावाभावांचं बोलणं बंद होतं. पाच वर्षं झाली होती.

"मी त्याला बोलावलंय," ताई म्हणाली. "बाहेर उभा आहे. ओरडायचं असेल तर माझ्यावर ओरड."

शटरखालून दोन चपला आणि पायजम्याच्या कडा दिसत होत्या. त्या हलल्या नाहीत. घरातलं शेंडेफळ म्हणून त्याला बाळ म्हणत आले होते. आता बाळचे केस दादापेक्षाही पांढरे झाले होते, तरी नाव काही सुटलं नव्हतं.

"तो आत का येत नाही?" दादानं ताईला विचारलं.

"तू म्हटल्याशिवाय येणार नाही."

"मी काय अडवून धरलंय? शटर उघडं आहे."

"अर्धं उघडं आहे," बाहेरून आवाज आला.

दादा उठला. शटरला हात घालून त्यानं ते धाडकन वर सारलं आणि परत स्टुलावर जाऊन बसला. बाळ आत आला. त्याच्या हातात कापडी पिशवी होती, आणि तिचे बंद वजनानं ताणले गेले होते.

"त्याला विचार, सगळ्या आणल्यात का."

"त्याला सांग, सगळ्या आणल्यात."

दोघांच्या मध्ये एक हाताचं अंतर होतं. ताईला हसू आलं. तिनं पिशवी उघडून आरसे काढायला घेतले.

*

वहिनींनी जमिनीवर जुनी चादर अंथरली आणि बाळभावजींनी पिशवी तिच्यावर रिकामी केली. किल्ल्यांचा ढीग झाला. काही गंजलेल्या, काही पिवळ्याधमक, एखादीला अजूनही तुटका दोरा होता.

"एकेक लावून बघायची म्हटलं तर पुढचा रविवार येईल," वहिनी म्हणाल्या.

"आणि कुलपंही जातील," बाळ म्हणाला. "या किल्ल्या आतून पोकळ असतात, वहिनी. कुलपात मधोमध एक खिळा असतो, त्याच्यावर किल्ली टोपीसारखी बसते. चुकीची किल्ली जोर करून बसवली की खिळा वाकतो. मग खरी किल्ली मिळूनही उपयोग नाही."

"म्हणजे आधी खिळा बघायचा," ताई म्हणाली. तिनं डोक्याला दिवा बांधला, गुडघे टेकले आणि पहिल्या कपाटाच्या कुलपाच्या तोंडाशी आरसा धरला. "आ करा," ती सवयीनं पुटपुटली.

दादा हसला. लगेच आवरलं त्यानं, पण वहिनींनी पाहिलं होतं. त्या ताईच्या शेजारी बसल्या. आठवड्याभरापूर्वी या दोघींनी भाजी मंडईत उभ्या उभ्या आजचा बेत ठरवला होता, आणि वहिनींना वाटत होतं की आपण आयुष्यात प्रथमच एखादं कारस्थान बरोबर रचलं.

ताई खिळ्याची जाडी सांगायची. वहिनी त्या मापाची सुई आपल्या शिवणाच्या डब्यातून शोधायच्या. बाळ ती सुई किल्लीच्या नळीत घालून बघायचा. सैल असली तर बाजूला, घट्ट असली तर बाजूला, नीट बसली तर वेगळी. ढिगाचे लहान ढीग झाले. मग पात्याची उंची, मग पात्यातल्या खाचा. पहिल्या कपाटासाठी शेवटी सहा किल्ल्या उरल्या आणि त्यातली दुसरी आत गेली, फिरली, आणि झाकण एखादा श्वास सुटावा तसं किंचित वर आलं.

आतून तेलाचा आणि जुन्या लोकरी कापडाचा वास आला. दादानं झाकण पूर्ण उघडलं, यंत्राच्या चावीला दोन वेढे दिले. तबकडीचं चाक न कुरकुरता फिरायला लागलं.

"स्प्रिंग चांगली आहे," दादा ताईला म्हणाला.

"त्याला सांग, मीच बसवली होती," बाळ म्हणाला.

"मला ठाऊक आहे म्हणावं."

दुसऱ्या कपाटाला वेळ लागला नाही. बाळनं दोन किल्ल्या निवडल्या आणि पहिली कुलपाशी नेली. तेवढ्यात चिऊ मागून म्हणाली, "ती नको, काका. तिची खाच उलटी आहे. परवा आपण कापली ना, तशी हवी, दुसरी घे."

बाळनं दुसरी घेतली. ती लागली. कुलूप उघडलं. पण उघडलेल्या झाकणाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"परवा?" दादानं विचारलं. या वेळी त्यानं कुणाच्या मार्फत विचारलं नाही. "परवा तू क्लासला होतीस."

चिऊच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "क्लास नाहीये, बाबा. सुरुवातीला दोन महिने होता. मग मी बाळकाकाकडे जायला लागले. कुलपं शिकायला."

"किती दिवस?"

"वर्ष होत आलं."

वहिनींना आधी आठवला तो डबा. रोज संध्याकाळी त्या तिला डबा भरून देत. हिशेबाचा क्लास, बिचारी दमून जाते, म्हणून दोन घास जास्तच घालत. त्यांनी बाळकडे पाहिलं. तो खाली बघत होता आणि त्याचा चेहरा असा झाला होता की अर्धा डबा कोण खायचं ते विचारायची गरज उरली नाही.

"तुम्हाला माहीत होतं," त्या ताईला म्हणाल्या.

ताईनं डोक्यावरचा दिवा बंद केला. "चिऊनं मला सांगितलं होतं. मीच म्हटलं, थोडं थांब, मी दोघांना एकत्र आणते, मग सांगू."

"आणि मंडईत माझ्याशी तासभर बोललात तेव्हा?"

"वहिनी, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही दादाला सांगितलं असतं."

"सांगितलंच असतं. नवरा आहे माझा." वहिनी उठल्या. त्यांच्या मांडीवरच्या सुया चादरीवर पडल्या. इतकी वर्षं या भावंडांच्या भांडणात मधल्या मध्ये उभं राहायचं काम त्यांनी केलं होतं, इकडचा निरोप तिकडे, तिकडची तब्येत इकडे. आणि ज्या गोष्टीत त्यांचं स्वतःचं लेकरू होतं, तीच सगळ्यांना माहीत होती, त्यांना सोडून.

दादा कारखान्याच्या मागच्या भागात गेला आणि थोड्या वेळानं रंधा चालल्याचा आवाज येऊ लागला. कुठलंही काम बाकी नसताना तो एका फळीवरून रंधा फिरवत होता.

*

बाळ किल्ल्या पिशवीत भरू लागला. ढीग तसेच ठेवायचा प्रयत्न करत होता, पण घाईत ते मिसळत होते. त्याला वाटलं, आपण इथे यायलाच नको होतं. पोरगी पहिल्यांदा दारात आली तेव्हाच तिला परत पाठवायला हवं होतं. तशी त्यानं पाठवलीही होती. दुसऱ्या दिवशी ती स्वतःची कानस विकत घेऊन आली. एवढी वाईट कानस होती की त्याला राहवलं नाही, त्यानं स्वतःची दिली.

"कुठे निघालात?" वहिनी समोर उभ्या होत्या.

"वहिनी, दोन उघडली. उरलेल्यांचं दादा बघेल काहीतरी."

"खाली बसा."

तो बसला.

"वर्षभर माझ्या पोरीनं मला फसवलं. तुम्ही फसवलंत. यांची बहीण त्यात सामील. ते मी नंतर बघते, सोडणार नाही कुणालाच. पण मला आधी हे बघायचंय, की एवढ्यासाठी ती शिकली तरी काय." त्या चिऊकडे वळल्या. "तिसरं कपाट तू उघड. काकांनी हात लावायचा नाही."

चिऊनं आईकडे पाहिलं. बाळच्या मनात आलं, ही बाई रागावली आहे की बाजू घेते आहे, हे तिला स्वतःलाही नक्की सांगता येणार नाही.

चिऊ तिसऱ्या कपाटासमोर बसली. तिनं आत्याचा आरसा घेतला, दिवा घेतला. सुई स्वतः निवडली. बाळ दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला, नाहीतर ते पुढे गेले असते. किल्ली निवडायला तिनं त्याच्यापेक्षा जास्त वेळ घेतला आणि बरोबर निवडली, ते त्याला लांबूनच दिसलं. किल्ली आत गेली. अर्धी फिरली आणि अडली.

जोर लाव, असं सांगायचा मोह त्याला झाला. तिनं जोर लावला नाही. किल्ली परत घेतली, पुन्हा फिरवली, त्याच जागी अडली. तिनं कान झाकणाला लावला, मग झाकणाच्या कडेवरून नख फिरवलं. उजव्या बाजूला नख फटीत गेलं, डाव्या बाजूला गेलं नाही.

ती बराच वेळ तशीच बसली. मग उठून मागच्या भागात गेली. रंधा थांबला.

"बाबा," बाळला तिचा आवाज ऐकू आला, "किल्ली बरोबर आहे. पण झाकण फुगलंय. झाकणाचा आकडा वर ओढला गेलाय, म्हणून खटका सुटत नाही. कुठे आणि किती दाबायचं ते मला कळत नाही. काकालाही नाही कळणार. तुम्हाला कळेल."

मग दादा हाताला चिकटलेला भुसा झटकत बाहेर आला. त्यानं कपाटाला एक फेरी घातली. पंजा झाकणावर सपाट ठेवून हळूहळू सरकवला. डोळे मिटले होते.

"फुगलेलं नाही," तो म्हणाला. "पिळलंय. खिडकीशी ठेवलं असणार बाईंनी, एका बाजूला ऊन." त्यानं दोन्ही तळवे एका कोपऱ्यावर टेकले. "एकट्याच्यानं व्हायचं नाही. समोरचा कोपराही धरायला हवा. बाळ, तिथे नको, मागं. अजून मागं. हं. आता हळूच दाब, मी सांगेपर्यंत सोडू नकोस."

बाळनं दाबलं. पाच वर्षांत भावानं त्याला पहिल्यांदाच नावानं हाक मारली होती, आणि तीही अशी, जणू काल संध्याकाळी दोघं एकत्रच काम संपवून घरी गेले होते. वर बघायचं त्याचं धाडस झालं नाही. झाकणाच्या पलीकडे दादाच्या बोटांवरच्या जुन्या खुणा त्याला दिसत होत्या, तेवढ्याच तो बघत राहिला.

"आता," दादा म्हणाला.

चिऊनं किल्ली फिरवली. आत खटका पडल्याचा लहानसा आवाज झाला.

वहिनींनी पदरानं नाक पुसलं आणि ताईच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "पुढच्या वेळी खोटं बोलायचं असेल तर मला सांगून बोला," त्या हळूच म्हणाल्या.

"बरं," ताई म्हणाली.

*

चौथ्या कपाटाला एकही किल्ली बसेना. ताईनं आत आरसा धरला आणि म्हणाली, "यात खिळाच नाही."

"पडला असेल," बाळ म्हणाला.

"पडला असता तर भोक दिसलं असतं. इथे गुळगुळीत आहे."

दादानं दिवा मागून घेतला आणि कुलपाच्या तोंडावरची पितळी पट्टी तिरप्या उजेडात पाहिली. पट्टीच्या भोवती लाकूड किंचित गडद होतं, एखाद्या भिंतीवरून मोठं चित्र काढून लहान लावावं तसं. तिथे आधी मोठी पट्टी होती.

"हे कुलूप अण्णांचं नाही," तो म्हणाला. "कुणीतरी बदललंय."

ताईनं निवेदिकाबाईंना फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. बाईंचा आवाज अजून तसाच होता, प्रत्येक शब्द जागच्या जागी. "अगं, हो, आता आठवलं. माझा भाचा लहान असताना आत लपून बसायचा. एकदा अडकला. मग त्याच्या वडिलांनी कुणाकडून तरी दुसरं कुलूप बसवून घेतलं. ते साधं होतं, भरीव किल्लीचं. कपाटाला कुलूप लावून ती किल्ली भाच्यानंच विहिरीत टाकली, पुन्हा कुणी कोंडू नये म्हणून. आता तो बँकेत मोठा साहेब आहे. त्याला विचारू का?"

"नको," ताई म्हणाली. "आम्ही करतो."

फोन ठेवल्यावर चिऊनं चादरीवरून, बाळच्या पिशवीत चुकून आलेली एक भरीव, खाचा न पाडलेली किल्ली उचलली. "हिला काजळी लावू," ती म्हणाली. "आत घालून हलकेच फिरवली की जिथे अडेल तिथली काजळी निघते. तेवढंच कानसायचं. पुन्हा काजळी, पुन्हा घालून बघायचं. जोपर्यंत अडायची थांबत नाही तोपर्यंत."

वहिनींनी मेणबत्ती आणली. किल्लीचं पातं ज्योतीवर काळं झालं, कुलपात गेलं आणि बाहेर आलं तेव्हा काळ्यावर दोन चकचकीत रेघा होत्या.

"बारीक कानशी इथे नाहीत," बाळ म्हणाला. "माझ्या खोलीवर जावं लागेल."

चिऊ आणि बाळ गेले, आले, पुन्हा काजळी लावली, पुन्हा गेले. तिसऱ्यांदा निघाले तेव्हा वहिनी दादाला म्हणाल्या, "तुम्हीही जा. बसून काय करताय?"

"मी तिथे काय करू?"

"बघा. वर्षभर पोरगी कुठे बसत होती ते तरी बघून या. मलाही येऊन सांगा."

टेम्पो यायच्या आधी चौथं झाकण उघडलं. संध्याकाळी निवेदिकाबाई स्वतः टेम्पोबरोबर आल्या, चारही कपाटांच्या चारही किल्ल्या त्यांनी एकेक करून फिरवून पाहिल्या आणि चौथ्या कपाटात डोकं घालून म्हणाल्या, "एवढ्याशा जागेत तो मावत होता." दुसऱ्या दिवशी वाचनालयात त्यांनी यंत्राला चावी दिली तेव्हा दालनात बसायला जागा नव्हती, आणि वहिनींनी पहिल्या रांगेत दोन खुर्च्या पिशवी ठेवून अडवल्या होत्या, एक ताईसाठी आणि एक बाळभावजींसाठी. पण त्या दोन दिवसांतलं दादाच्या मनात राहिलं ते वेगळंच.

बाळची खोली बस डेपोच्या मागच्या गल्लीत होती. त्या तिसऱ्या फेरीला दोघांसोबत निघेपर्यंत दादा त्या गल्लीत कधी गेला नव्हता. दार उघडताच समोर भिंतीवर कानशी लहानापासून मोठ्यापर्यंत टांगलेल्या, खिडकीत यंत्रांचे सुटे भाग, आणि खिळ्यावर एक निळा ॲप्रन. ॲप्रन बाळच्या अंगाला आला नसता.

चिऊनं तो न बघता ओढला आणि गळ्यात अडकवला. किल्ली पकडीत आवळली, टेबलावर वाकली आणि कानस चालवायला लागली. दादा दाराशी उभा राहून बघत होता. ती चार वेळा कानस फिरवायची, फुंकर मारायची, बोटानं चाचपायची. घाई नव्हती. अण्णांची चाल तिच्या हातात कशी आली हे त्याला कळेना. तिनं अण्णांना काम करताना पाहिलं तेव्हा ती शाळेत होती.

"मला का नाही सांगितलंस?" त्यानं विचारलं.

कानस थांबली नाही. "तुम्ही नको म्हटलं असतं."

"म्हटलं असतं. हात खराब होतात. मला वाटलं, एक तरी पोर खुर्चीवर बसून काम करेल, पंख्याखाली."

"हात झालेच की खराब." तिनं डावा हात वर करून दाखवला. अंगठ्याशी पट्टी होती आणि बोटांच्या पेरांत काळपट रेघा बसल्या होत्या. "लहानपणी मी तुमच्याकडे रंधा मागितला होता, बाबा. तुम्ही म्हणालात, जा, अभ्यास कर. बाळकाकानं नुसती कानस हातात दिली."

बाळ खिडकीशी पाठ करून उभा होता. दादाला वाटलं, आता काहीतरी बोलायला हवं, रागाचं किंवा समजुतीचं. पण त्याची नजर टेबलाकडे गेली. ती वाकून काम करत होती, मान पूर्ण खाली, पाठीची कमान झालेली. कानस पुढे गेली की टेबलही तेवढंच पुढे जायचं आणि मागं यायचं. एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी होती.

"हे टेबल कुणी आणलं?"

"जुन्या बाजारातून," बाळ म्हणाला. "जेवायचं टेबल आहे."

"दिसतंय. हे बुटकं आहे. आणि डुगडुगतंय. यावर बारीक खाच सरळ येईलच कशी?"

"येते," चिऊ म्हणाली.

"येते म्हणून पाठ मोडून घ्यायची का?" दादानं खिशातून टेप काढला. तो त्याच्या खिशात झोपतानाही असतो, असं वहिनी म्हणतात. "सरळ उभी राहा."

चिऊनं कानस खाली ठेवली. "बाबा, टेम्पो येईल."

"येऊ दे. सरळ उभी राहा. काम करताना चपला घालतेस की काढतेस?"

"घालते."

"मग राहू दे पायात. हात असा धर. कोपर वाकव. खांदा वर नको, सैल सोड."

ती उभी राहिली, एक हात पुढे, कोपर वाकवलेलं, मुठीत नसलेली कानस धरल्यासारखी. दादा तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. टेपचं टोक जमिनीला लावायला त्याला वाकता येईना, गुडघा कुरकुरला, तेव्हा बाळ पुढे आला, न सांगता खाली बसला आणि त्यानं टोक तिच्या टाचेशी दाबून धरलं. दादानं टेप वर नेला, कोपराच्या खाली चार बोटं थांबला, आणि कानावरची पेन्सिल काढली.